दगडाचे सात किरात

तिमिमून, ४ ऑक्टोबर १९८६

उस्ताद मनव्वर यांस सलाम.

तुमच्या समितीने आमच्यावर उपकार केलाय की सूड उगवलाय, ते मार्चमध्ये कळेल. पश्चिम आणि दक्षिण भागातल्या महाविद्यालयांचं पाचवं गणित संमेलन म्हणे तिमिमूनला! आमच्याकडे गणिताचे शिक्षक तीन. एकाचा जीव बदलीच्या अर्जात अडकलाय, दुसऱ्याचं त्याच महिन्यात लग्न आहे. उरले मी. म्हणजे एकशे वीस माणसांची झोपायची, खायची आणि खडूची सोय तुमच्या या जुन्या विद्यार्थिनीने करायची, आणि तुम्ही ओरानला बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. वसतिगृहात खाटा ऐंशी आहेत. फळे तीन, त्यातल्या एकावर खडू उमटत नाही.

तक्रार पुरे. आता मागणं. कार्यक्रमात मला एका माणसासाठी जागा हवी आहे. माझ्या आईचे चुलते, बा हम्मू. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ते पाणी मोजतात.

तुम्ही नळ सोडला की पाणी येतं, म्हणून सांगते. आमचं पाणी वाळूखालच्या बोगद्यातून दोन कोस चालत येतं. गावात आलं की एका दगडी फणीतून फुटतं. फणीला जितक्या फटी तितके पाट, जितके पाट तितके मालक. कोणाच्या पाटात किती जायचं ते बा हम्मू सांगतात. भोकं पाडलेला तांब्याचा पत्रा, मूठभर चिकणमाती आणि वाळूवर फिरणारं एक बोट, एवढंच त्यांचं सामान. माप हब्ब्याचं. हब्ब्याचे चोवीस किरात, आणि किराताचे पुन्हा चोवीस. हे सगळे अपूर्णांक ते तोंडाने चालवतात, आणि आमच्या गावात पाण्यावरून आजवर कोणी कोणाच्या अंगावर फावडं उगारलेलं नाही.

उस्ताद, त्यांच्यानंतर कोणी नाही. मुलगा तेलविहिरींवर नोकरीला गेला, तो काही परत येत नाही. सहा गावांचं पाणी या एका बोटावर चाललंय. या उन्हाळ्यात बोगदा एका जागी ढासळला, मालकांनी उपसला, तेव्हापासून नव्याने मोजणी व्हायची आहे. बा हम्मू मात्र दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतात. का, ते कळत नाही. ते गेले तर ही विद्या त्यांच्याबरोबर वाळूत जाईल. एवढ्या पोरांनी त्यांना पाहिलं तर एखाद्याला तरी शिकावंसं वाटेल, ही माझी आशा.

तुमची,
यमीना


ओरान, २१ ऑक्टोबर १९८६

यमीना, बिन्ती, माझ्या लेकी, सलाम.

सूडच आहे. पहिल्या वर्षाला तू माझ्या तासाला खिडकीतून समुद्र बघायचीस, ते मी विसरलेलो नाही. म्हणून समुद्र नसलेलं गाव निवडलं.

खाटांचं बघू. चाळीस पोरं जमिनीवर झोपली तर गणित बिघडत नाही. फळे मात्र मिळव. मदरशात पोरं कुराणातल्या आयती लिहितात त्या लाकडी पाट्या मागून घे, प्रत्येकाच्या हातात एक दे.

तुझ्या बा हम्मूंचं म्हणशील तर समितीत माझ्या एकट्याचं चालत नाही. वक्त्याला वीस मिनिटं असतात आणि आधी एक पान सारांश द्यावा लागतो. अल्जीयर्सहून येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावूनच जन्मले आहेत. ते विचारतील, हे गणित आहे की गावची रीत? मी सुचवलं असतं, संध्याकाळी चहाच्या वेळी ढोल, गाणी आणि त्यांच्यात तुझे बा हम्मू. पण तुला ओळखतो. तू माझ्या चहात मीठ घालशील.

म्हणून एक प्रश्न पाठवतो. पाठांतर असेल तर इथे अडेल. एका पाटाला चाळीस हब्बा पाणी होतं. सात मालक. त्यांचे वाटे बारा, नऊ, सात, पाच, चार, दोन आणि एक. आता पाणी आटून तेहतीस हब्बा राहिलं. प्रत्येकाला किती, ते किरात आणि किराताच्या भागांपर्यंत सांगायचं. उत्तर बरोबर आलं तर सकाळची जागा त्यांची, माझा शब्द.

माझी बायको, तुझी लल्ला खैरा, खजुरांची आठवण करून देते आहे. मी नाही, ती.

मनव्वर


तिमिमून, ९ नोव्हेंबर १९८६

उस्ताद, सलाम.

उत्तर सोबत आहे. सातही वाटे पानाच्या मागच्या बाजूला लिहिले आहेत. पहिल्या मालकाला नऊ हब्बा, एकवीस किरात आणि किराताचे चौदा भाग, वर थोडंसं. सगळ्यांची बेरीज तेहतीस.

त्यांनी ते अंगणात वाळूवर केलं. चहाचा पहिला पेला आला तेव्हा सुरुवात केली, दुसरा यायच्या आत संपलं. मला पेन्सिलीने अर्धा तास लागला.

मदरशाचे शेख पाट्या द्यायला तयार आहेत, पण परत करताना धुवून द्या म्हणाले. बसवाला दोन जादा गाड्या देईन म्हणतो आणि देणार नाही, असं त्याचं तोंड सांगतंय. खजूर बशारच्या माणसाबरोबर पाठवले आहेत.

यमीना


ओरान, २८ नोव्हेंबर १९८६

बिन्ती,

तुझं पत्र घेऊन मी थेट विभागात गेलो. बूट सुद्धा वेगवेगळ्या जोडांचे घातले होते, लल्ला खैराने खिडकीतून हाक मारून सांगितलं. सगळ्यांना तो कागद दाखवला. सात वाटे, तीन पायऱ्यांचे अपूर्णांक, आणि बेरीज तेहतीसला तेहतीस! एक निरक्षर माणूस, वाळू आणि चहाचे दोन पेले. चाळीस वर्षं मी फळ्यासमोर उभा आहे, पण अंगावर असा काटा फार वेळा आलेला नाही. आणि त्यातही ते ‘थोडंसं’ मला फार भावलं. जे मोजता येत नाही ते आहे एवढं सांगून सोडून द्यायचं, याला मोठं मन लागतं.

दुसऱ्या दिवसाचं सकाळचं पहिलं सत्र बा हम्मूंचं. समितीने एकमताने मान्य केलं. अल्जीयर्सच्या पाहुण्यांनी एकच अट घातली, आणि ती मला आवडली. हाच प्रश्न त्यांनी व्यासपीठावर, सर्वांसमोर, वाळूच्या ताटात सोडवायचा. मी तो कार्यक्रमपत्रिकेत छापायला दिलाय, उत्तरासकट, म्हणजे पोरांना पडताळता येईल.

खजूर पोचले. निम्मे मी लपवले आहेत.

मनव्वर


तिमिमून, २० डिसेंबर १९८६

उस्ताद,

पत्रिका अजून छापली नसेल तर तो प्रश्न काढून टाकता येईल का? दुसरा कुठला तरी घाला. किंवा सत्रच संध्याकाळी ठेवा, तुम्ही आधी म्हणाला होता तसं. बा हम्मूंचं वय झालंय, व्यासपीठ वगैरे त्यांना झेपायचं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कोरड्यात पाणी वाटत नाही मी. ताटातली वाळू काय माझी तहान ओळखते?" तेव्हा त्यांचीही फारशी इच्छा दिसत नाही.

जेवणाचं ठरलं. तीन दिवस कुसकुस, मधल्या दिवशी मेंढी. गाद्या गावातल्या बायका देणार आहेत, प्रत्येकीने आपल्या गादीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय.

यमीना


ओरान, ६ जानेवारी १९८७

यमीना,

पत्रिका छापून झाली. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या मुलीने ऑक्टोबरात माझं मनगट पिरगळून एक जागा मागितली, तीच डिसेंबरात ती परत करते आहे. असं का व्हावं?

मग मी नोव्हेंबरचा कागद पुन्हा काढला. ‘किराताचे चौदा भाग, वर थोडंसं.’ हे थोडंसं माझ्या ओळखीचं निघालं. तुझ्या पहिल्या वर्षाच्या पेपरात, जिथे भागाकार संपत नसे तिथे तू हेच लिहायचीस, आणि मी एक गुण कापायचो.

सरळ विचारतो. ती उत्तरं तूच काढलीस ना? म्हाताऱ्याला जमलं नाही, म्हणून? तसं असेल तर सांगून टाक. मी रागावणार नाही, समितीला काही तरी सांगेन. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण व्यासपीठावर नेऊन त्या माणसाची शोभा करू नकोस.

मनव्वर


तिमिमून, १९ जानेवारी १९८७

उस्ताद,

अंदाज अर्धा बरोबर. उरलेला अर्धा याहून वाईट आहे.

बा हम्मूंनी प्रश्न सोडवला होता. माझ्यासमोर, सगळा, दोन पेल्यांच्या मधे. मी वाटे लिहून घेतले, घरी येऊन बेरीज केली, तर तेहतीस भरेना. बत्तीस हब्बा आणि सतरा किरात. सात किरात गायब. पुन्हा केली, तेवढेच. पहिल्या मालकाला त्यांनी नऊ हब्बा साडेएकोणीस किरात सांगितले होते. मी एकवीस आणि वर थोडंसं केले. सातही वाटे मी बदलले, माझ्या हाताने, आणि खाली ठळक तेहतीस लिहिलं.

मला वाटलं, म्हातारपण, चुकलं असेल. तुम्ही उत्तर तपासणार, हसणार, आणि जागा जाणार. मला त्यांची लाज वाटली, उस्ताद. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी पाटाकडे जायची, त्यांची. हे लिहिताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आहेत.

आणखी एक सांगते, कारण ते मनातून जात नाही. प्रश्न ऐकल्यावर त्यांनी विचारलं होतं, "फणी कुठल्या दगडाची?" मी वैतागून म्हटलं, "बा, दगड नाही, कागद आहे. कुठलाही धरा." ते हसले. म्हणाले, "मग आपलाच धरतो." मी लक्ष दिलं नाही.

आता पत्रिकेत माझं उत्तर छापलंय, त्यांच्या नावाने. ते उभे राहतील, आपलं सांगतील, आणि सव्वाशे माणसं पत्रिका बघून म्हणतील, म्हातारा चुकला. मी त्यांना वर चढवायला निघाले होते आणि शिडीच कापून ठेवली. काय करू ते सांगा.

यमीना


ओरान, २ फेब्रुवारी १९८७

यमीना,

रागावणार नाही म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो. रागावलो आहे.

उत्तर बदललंस म्हणून नव्हे. लाज वाटली म्हणूनही नव्हे, ती मलाही वाटली असती. बदलण्याआधी विचारलं नाहीस म्हणून. सात मालक आणि सात किरात! हे तुला दिसलं नाही? सहा नाही, आठ नाही. चूक इतकी नीटनेटकी असते का? एखादा माणूस तुझ्याहून दहापट वेगाने गणित करतो आणि बेरजेत चुकतो, तर आधी काय विचारायचं असतं? हे मी तुला शिकवलं नाही की तू खिडकीतून बघत होतीस?

आणि आता माझं ऐक. पानाच्या मागच्या ‘तेहतीस’वर मीच भाळलो. बरोबर आलं म्हणून अंगावर काटा आला. बत्तीस आणि सतरा आलं असतं तर मी कागद चुरगळून टाकला असता, आणि विचारलं मीही नसतं. तेव्हा आपण दोघं एकाच बाकावर.

सत्र राहील. पत्रिका राहू दे तशीच. तू आजच्या आज जा आणि विचार. मी मार्चमध्ये येतोच आहे.

मनव्वर


तिमिमून, २० फेब्रुवारी १९८७

उस्ताद,

विचारलं.

ते फणीपाशी बसले होते. मी म्हटलं, "बा, तुमचं उत्तर मी बदललं. ओरानच्या प्रश्नाचं. बेरीज सात किरात कमी येत होती."

त्यांचा हात थांबला. "तू बेरीज केलीस?"

"हो."

"सगळ्या वाट्यांची?"

"सातही."

मला वाटलं आता रागावतील. तर म्हातारा डोळे बारीक करून माझ्याकडे बघतच राहिला. "चाळीस वर्षं मी वाटे सांगतोय पोरी. जो तो आपला वाटा ऐकतो आणि घरी जातो. बेरीज आजवर कोणी केली नाही. मालकांतल्या त्या हाज बूफल्जाला विचार, स्वतःचा सोडून त्याला आकडाच येत नाही."

"मग सात किरात गेले कुठे?"

त्यांनी माझा हात धरून फणीवर ठेवला. दगड गार होता, हिरवा, बोटाला बुळबुळीत. म्हणाले, "हा काय फुकट ओला राहतो? पाणी फुटताना प्रत्येक फट आपला घोट घेते. आमच्या दगडाला फटीमागे एक किरात. पलीकडच्या गावचा दगड भुसभुशीत आहे, तो दीड पितो. आधी दगडाचं बाजूला काढायचं, मग उरलेलं माणसांना वाटायचं. सगळंच्या सगळं माणसांना वाटून टाकलं, तर कागदावर भरेल, पण शेवटच्या पाटाचा माणूस रिकामी घागर घेऊन माझ्या दारात येईल. त्याला काय तुझा कागद पाजू?"

म्हणजे गळती सगळ्यांच्या वाट्यातून सारख्या प्रमाणात आधीच कापलेली! मी तिथेच पाटाच्या काठावर बसले. पाय पाण्यात गेले तेही कळलं नाही. आपण पाणी म्हणतो आणि मनात आकडा धरतो, उस्ताद. त्यांच्या मनातलं पाणी ओलं आहे.

मी म्हटलं, "हे कधी सांगितलं का नाही?"

"विचारलं कोणी?"

मग म्हणाले, "बेरीज केलीस ते बरं केलंस. विचारलं नाहीस ते वाईट. आता दोन्ही झालं." आणि आपला उजवा हात त्यांनी माझ्यासमोर धरला. तो कापत होता. चहाचा पेला धरता येतो, पण पत्र्याच्या भोकावर माती लिंपायची तर बोट स्थिर लागतं. मोजणी पुढे का ढकलत होते ते तेव्हा कळलं. गावात कोणालाही सांगितलेलं नाही. मी तुम्हाला सांगते आहे, तुम्हीही गिळून टाका.

ताटात वाळू नको म्हणाले. "तुझ्या शहाण्या माणसांना पाणी बघायचं असेल तर पाण्यापाशी आण. गावची मोजणी त्याच दिवशी करतो. देखावा म्हणून मी पत्रा उचलत नाही, पण खऱ्या मोजणीला कोणी उभं राहिलं तर हाकलतही नाही."

तुम्ही लवकर या.

यमीना


तिमिमून, २९ मार्च १९८७

उस्ताद,

तुमची तार मिळाली. ‘पाय मोडला येत नाही सगळं लिही.’ तुमच्या जिन्याला माझे शाप. सगळं लिहिते.

पहिल्या दिवशी वारा सुटला. अल्जीयर्सच्या पाहुण्यांनी फळ्यावर वरून खाली प्रमेय लिहिलं, खालची ओळ लिहीपर्यंत वरची वाळूने पुसून टाकली. जेवण वेळेवर झालं. दोऱ्यांच्या रंगांचा काही उपयोग झाला नाही, पोरं जिथे जागा मिळाली तिथे झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. मी एकशे बारा माणसं मोजून फणीपाशी नेली. एकोणीस मालक आधीच बसले होते. हाज बूफल्जाने अटी सांगितल्या. जोडे काढायचे आणि मोजणी संपेपर्यंत पाहुण्यांनी तोंड उघडायचं नाही. हातात जोडे धरून रांगेने उभे असलेले ते प्राध्यापक तुम्ही बघायला हवे होतात.

बा हम्मूंनी मुख्य पाटात पत्रा आडवा लावला आणि कडांना माती लिंपायला घेतली. दोनदा माती सुटली. हात कापत होता, आता सगळ्यांनाच दिसत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "यमीना, ये."

हाज बूफल्जा उठलाच. "बाईमाणूस? मोजणीला?"

"हाज, तुझा वाटा किती?"

"तीन हब्बा चार किरात."

"आणि शेजारच्याचा?"

हाज शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला.

"हिला एकोणीसही पाठ आहेत आणि त्यांची बेरीजही येते. माझी चूक काढायला आली होती ही. तुमच्यात असा कोणी असेल तर त्याने यावं, मी हिला परत पाठवतो."

कोणी आलं नाही. मी पाण्यात उतरले.

पुढचं कसं सांगू? पत्र्यामागे पाणी चढत होतं. ते म्हणत, "मोठं उघड," मी एका भोकातली माती काढी. "अजून एक. आता बारीक. थांब." पाणी पत्र्याच्या वरच्या कडेला आलं आणि तिथे उभं राहिलं. सांडेना, उतरेना. दोन कोस अंधारातून चालत आलेलं पाणी माझ्या बोटांपाशी येऊन उभं होतं, आणि एकशे बारा माणसांत खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता. "अठ्ठावन्न हब्बा," बा हम्मू म्हणाले.

मग त्यांनी वाळूवर बोट फिरवलं. रेघा, टिंबं, पुसलं, पुन्हा रेघा. एकोणीस वाटे तोंडाने सांगितले, गावचे कारकून लिहीत गेले, पोरं मदरशाच्या पाट्यांवर लिहीत गेली. शेवटी मान वर करून म्हणाले, "खाली भरताना एकोणीस किरात कमी भरतील. ते दगडाचे."

एकेक पाट मोजायला दुपार झाली. दहा वाजता अल्जीयर्सच्या पाहुण्यांचं व्याख्यान होतं, ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. त्यांच्याही नाही, ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अकराव्या पाटात उभे होते. तुमच्याकडची हवारिया नावाची मुलगी सगळ्यांआधी बेरीज करून बसली. बोलायची परवानगी नव्हती म्हणून तिने पाटी डोक्यावर धरली. सत्तावन्न हब्बा, साडेपाच किरात.

साडेअठरा किरात कमी, उस्ताद! पाहुण्यांनी पाटी घेतली, दोनदा तपासली, चष्मा काढला आणि पुसत राहिले. मग बा हम्मूंना अगदी हळू म्हटलं, "बाबा, अर्ध्या किराताचा फरक आहे."

बा हम्मू म्हणाले, "तो तुमच्या पायांनी वर आणलाय. तीन तास माझ्या पाटात उभे आहात, दगडाला नीट पिऊ कुठे दिलंत!"

आधी हाज बूफल्जा हसला, मग सगळेच. मला मात्र रडू आलं. आठ वर्षं मी अपूर्णांक शिकवते आहे, पण त्यांना हात लावलेला पहिल्यांदा. छापलेल्या पत्रिकेतलं माझं तेहतीस मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि ते माझं आहे, चुकीचं आहे, हेही सांगितलं. बा हम्मू शेजारच्याला म्हणाले, "पोरगी बेरजेला चांगली आहे, फक्त कोरडी होती."

हवारिया उन्हाळ्यात शिकायला येते म्हणाली, आणखी दोघं विचार करतो म्हणाले. विचार करणारे येत नाहीत, ती येईल. पत्रा आता माझ्या घरी आहे. "हात तुझा, दगड माझा, अजून थोडे दिवस," असं ते म्हणतात. पलीकडच्या गावची मोजणी पुढच्या गुरुवारी आम्ही दोघं करणार आहोत.

आता खरं काम. बा हम्मू म्हणाले, "तुझ्या उस्तादाने मला प्रश्न घातला होता. आता माझा त्याला घाल." हा घ्या. पाणी बावीस हब्बा. अकरा मालक, सगळ्यांचा वाटा सारखा. प्रत्येकाला किती? चहाच्या दोन पेल्यांत उत्तर हवं.

यमीना


ओरान, ११ एप्रिल १९८७

यमीना, बिन्ती,

पाय खुर्चीवर ठेवून तुझं पत्र वाचलं. लल्ला खैराला मोठ्याने वाचून दाखवलं. पाणी कडेला उभं राहतं तिथे आमचा दोघांचाही चहा गार झाला. तेव्हा पेल्यांची अट मी मोडली आहे, हे आधी सांगतो.

प्रश्न घेतला. हात सवयीने धावला आणि मी लिहिलं, दोन हब्बा. खोडलं. मग शहाणा झालो म्हणून लिहिलं, एक हब्बा तेवीस किरात. फार खूश झालो. दोन दिवस तो कागद उशीखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी तोही खोडला.

माझं उत्तर असं आहे, बा हम्मूंना जसंच्या तसं सांग. चाळीस वर्षं गणित शिकवणाऱ्या मनव्वरला हे सांगता येत नाही. आधी त्याला विचारायचं आहे, फणी कुठल्या दगडाची? आणि पाय बरा झाल्यावर त्याने येऊन तिला हात लावला तर चालेल का?

मनव्वर


तिमिमून, २६ एप्रिल १९८७

उस्ताद,

पत्र फणीपाशी बसूनच वाचून दाखवलं. शेवटच्या ओळी त्यांनी दोनदा वाचायला लावल्या.

मग चटईवर माझ्या बाजूला थोडे सरकले. मी म्हटलं, "बा, कोण येतंय?"

"तुझा उस्ताद. पाय मोडलेला माणूस, त्याला ऐसपैस जागा लागेल."

यमीना